जुन्या पॅटर्नचा शेवटचा पेपर

कॉलेजात त्यांना सगळे लॅबकाका म्हणायचे. प्राचार्य म्हणायचे, प्राध्यापक म्हणायचे, आणि ज्यांच्या जन्माआधीपासून काका त्या लॅबमध्ये होते ती पोरं तर म्हणायचीच. हजेरीपटावर त्यांचं पद ‘प्रयोगशाळा सहायक’ असं होतं, पण हे साहाय्य नक्की कुणाला, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरची लांबट खोली, दोन रांगांत अठ्ठावीस संगणक, कोपऱ्यात नेटवर्कच्या केबली जिथे येऊन मिळतात तो कुलूपबंद लोखंडी रॅक आणि गळक्या एसीखाली एक बादली, एवढा त्यांचा संसार. बादली दिवसातून दोनदा रिकामी करणं हेही त्यांच्याच वाट्याला आलेलं.

मूळचे ते टाइपरायटर दुरुस्त करणारे. कॉलेजात टायपिंगचा वर्ग होता तेव्हा कामाला लागले. तो वर्ग बंद पडला, त्याच खोलीत संगणक आले आणि खोलीतल्या कपाटासारखे काकाही नव्या विभागाच्या ताब्यात गेले. तेव्हा माउसच्या पोटात एक रबरी गोळी असायची आणि पोरं ती काढून खिशात घालायची. काका रोज संध्याकाळी सगळे माउस उलटे करून गोळ्या जागेवर आहेत ना ते बघायचे. तिथून सुरुवात करून सत्तावीस वर्षांत हा माणूस जे शिकला, त्याची यादी केली तर काही प्राध्यापकांना घाम फुटेल. प्रोग्राम चालेना झाला की पोरं आधी काकांकडे बघायची, मग सरांकडे. काका मागे येऊन उभे राहायचे आणि एवढंच म्हणायचे, “सतरावी ओळ परत वाच.” पोरगं वाचायचं आणि स्वतःच जीभ चावायचं.

पण प्रॅक्टिकलच्या वहीवर सही करायचा अधिकार निदेशकाचा. प्रॅक्टिकल शिकवायला नेमलेला माणूस तो निदेशक, आणि ती जागा कित्येक वर्षं रिकामीच होती. शिकवायचे काका, आणि सत्राच्या शेवटी कुणीतरी प्राध्यापक वर येऊन, वही न उघडता, सह्या ठोकून जायचा. काकांना याचा राग यायचा आणि तो ते गिळायचे. जागेसाठी अट एकच होती, माहिती तंत्रज्ञानाची पदवी. काकांकडे बारावी आणि टायपिंगची दोन प्रमाणपत्रं.

म्हणून पन्नाशीत त्यांनी त्याच कॉलेजात, त्याच अभ्यासक्रमाला बाहेरून प्रवेश घेतला. प्रवेशाच्या खिडकीतल्या बाईंना वाटलं मुलाचा अर्ज आहे. त्यांनी फोटो बदलून आणायला सांगितला. विभागात आठवडाभर हसू पिकलं, मग सगळ्यांना सवय झाली. ज्या पोरांना ते सकाळी नेटवर्किंग समजावत, त्यांच्याच शेजारच्या बाकावर बसून ते दुपारी नेटवर्किंगचा पेपर लिहीत. डेटाबेस, प्रोग्रामिंग, ऑपरेटिंग सिस्टिम, सगळं पहिल्या फटक्यात सुटलं. प्रोजेक्टला तर वर्गात सर्वांत जास्त मार्क त्यांचे.

अडलं ते पहिल्या वर्षाच्या गणिताशी. संच, आलेख, ‘सिद्ध करा’ आणि ‘म्हणून’. शाळेतलं गणित सुटून तेहेतीस वर्षं झालेली. पास व्हायला वीस मार्क हवेत आणि काकांना सतरा, अठरा, सोळा, एकोणीस असे पडत राहिले. एकोणीस पडले त्या दिवशी ते घरी आले आणि कपडे न बदलता पलंगावर बसून राहिले. बायको दवाखान्यात नोंदणीच्या काउंटरवर काम करायची. दिवसभर लोकांचे पडलेले चेहरे बघून घरी आलेली ती बाई हाही चेहरा बघून स्वयंपाकाला लागली. दुसऱ्या दिवसापासून मात्र ती सकाळी डबा भरता भरता पुस्तक उघडून प्रश्न विचारू लागली. तिला उत्तरं कळत नव्हती, पण काका अडखळले की ते तिला बरोबर कळायचं.

तशात विद्यापीठाने पॅटर्न बदलला. नवे विषय आले, जुने गेले, आणि जुन्या पॅटर्नवाल्यांसाठी उन्हाळ्यात एक शेवटची परीक्षा जाहीर झाली. त्यात जो राहील त्याने नव्याने पहिल्या वर्षाला बसावं. तीन वर्षांचा अभ्यासक्रम आणि काकांच्या निवृत्तीला उरलेली तीन वर्षं. म्हणजे काय ते त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. निदेशकाची जागाही त्याच सुमारास भरायची ठरली. विभागप्रमुख मॅडम त्यांना बोलावून म्हणाल्या की एवढा पेपर काढा, बाकीचं मी बघते. मॅडम शब्दाच्या पक्क्या होत्या.

एक गोष्ट काकांच्या बाजूने होती. हा पेपर संगणकावर, पर्याय निवडायचा. ‘सिद्ध करा’चं भूत गेलं. पन्नास प्रश्न, दीड तास. सरावाच्या चाचण्यांत काकांना सव्वीस, अठ्ठावीस, एकदा तर एकतीस पडले. बायकोने दवाखान्यात त्या दिवसाची रजा टाकली. करायचं काही नव्हतं तिला, पण टाकली.

परीक्षा अर्थातच काकांच्याच लॅबमध्ये. आदल्या दिवशी सगळी यंत्रं त्यांनीच तयार केली आणि परीक्षार्थी म्हणून कामावरून एक दिवस सुट्टी घेतली. बदली माणूस ग्रंथालयातून आला. तो पुस्तकांच्या धुळीतला सज्जन गृहस्थ. काकांनी त्याला एकच गोष्ट दोनदा सांगितली, रॅकला हात लावू नका. किल्लीही त्यांनी स्वतःच्याच खिशात ठेवली. मग उजव्या रांगेत बावीस नंबरवर जाऊन ते बसले. समोर तोच कीबोर्ड, ज्याच्या कळा त्यांनी कितीदा काढून पुसल्या होत्या.

पेपर सोपा निघाला. चाळीस मिनिटांत सोळा प्रश्न झाले आणि त्यातले सोळाही बरोबर असल्याची त्यांना खात्री होती. सतरावा ते वाचत होते, तेवढ्यात डाव्या रांगेत कुजबुज झाली. चौदाच्या चौदा स्क्रीन थिजल्या होत्या. प्रत्येकीवर एकच मजकूर: जोडणी तुटली आहे, दहा मिनिटांत पूर्ववत न झाल्यास उत्तरपत्रिका आपोआप जमा होईल. ती चौदा मुलंही जुन्या पॅटर्नचीच, त्यांचीही शेवटचीच संधी. एक मुलगी रडायला लागली. ग्रंथालयवाला रॅकपाशी जाऊन, दिलेल्या आज्ञेप्रमाणे हात न लावता, उभा राहिला.

देखरेखीला बसलेल्या विभागप्रमुख मॅडमनी काकांकडे बघितलं. परीक्षार्थीला पेपर सोडून उठ म्हणणं त्यांच्या हातात नव्हतं. काकांनी घड्याळ बघितलं. त्यांच्याकडे पन्नास मिनिटं होती आणि रॅकचं काम फार तर सात मिनिटांचं. हिशेब सरळ होता. जाऊन येता आलं असतं आणि पेपरही झाला असता.

आणि काका उठले. उठता उठता उजव्या हाताने त्यांनी लॉग आउट केलं.

सत्तावीस वर्षं हा माणूस यंत्र उघडं टाकून जागेवरून उठला नव्हता. पाणी प्यायला जाताना नाही, बादली ओतायला जाताना नाही. पोरांच्या मागे लागून लागून त्यांनाही ती सवय लावली होती. हाताला काय कळणार की आज आपण लॅबकाका नाही, बावीस नंबरचा परीक्षार्थी आहोत. ‘पेपर जमा करायचा आहे ना?’ असं यंत्राने विचारलंसुद्धा. लॉग आउट करताना येणाऱ्या असल्या प्रश्नांवर रोज शंभरदा ‘हो’ म्हणणाऱ्या बोटाने याही वेळी ‘हो’ म्हटलं. तोवर काकांचं सगळं लक्ष रॅककडे गेलं होतं.

डाव्या रांगेच्या सगळ्या केबली ज्या डब्यात जोडलेल्या होत्या तो नेटवर्कचा स्विच जळाला होता. काकांनी चौदा केबली एकेक करून शेजारच्या मोकळ्या स्विचवर घेतल्या. सहा मिनिटांत सगळ्या स्क्रीन जिवंत झाल्या. ते हात पुसत जागेवर परत आले. बावीस नंबरवर लिहिलं होतं: आपली उत्तरपत्रिका जमा झाली आहे, धन्यवाद. काका खुर्चीवर बसले आणि वेळ संपेपर्यंत तसेच बसून राहिले. मधे उठून गेलं तर बाकीच्यांचं लक्ष विचलित होईल, असं त्यांना वाटलं म्हणे.

सोळाला सोळा. चार कमी पडले.

मॅडमनी त्याच दिवशी विद्यापीठाला पत्र लिहिलं. चार कडक ओळींत सगळी हकीकत मांडली. विद्यापीठाने उत्तरात लॅबच्या सर्व्हरची त्या दिवसाची नोंद मागवली, प्रयोगशाळा सहायकाच्या सहीनिशी. म्हणजे काकांच्याच. मॅडम म्हणाल्या, “काका, जरा नीट बघून पाठवा. त्या गोंधळात बावीस नंबरचीही जोडणी तुटली असेल.” आणि नजर वळवून त्या दुसरे कागद चाळू लागल्या.

काकांना कळलं. त्यांनी फाइल उघडली. त्यात त्यांच्याबद्दल एकच ओळ होती: यंत्र बावीस, परीक्षार्थीने स्वतः पेपर जमा केला. ती ओळ काढायला दोन कळा पुरल्या असत्या, आणि मग उरलं असतं ते तुटलेल्या जोडणीसारखंच दिसलं असतं. बराच वेळ ते त्या ओळीकडे बघत बसले. त्यांना उगाच कुणी संत ठरवू नये. त्यांचा हात खरोखर कळेवर गेला होता. पण त्याच फाइलमध्ये त्या चौदा जणांची तुटलेली आणि परत जुळलेली जोडणीही नोंदलेली होती. उद्या कुणाला फाइलचा संशय आला असता, तर त्या चौदा जणांचेही निकाल अडकले असते. काकांनी फाइल होती तशी छापली, खाली सही केली, शिक्का मारला आणि पाठवली. उत्तर तीन आठवड्यांनी आलं. परीक्षार्थीने स्वतःहून पेपर जमा केल्याचे आपल्याच नोंदीवरून स्पष्ट होते, सबब विनंती अमान्य.

बायकोने ते पत्र दोनदा वाचलं.

“अहो, उठायच्या आधी दोन सेकंद थांबला असतात तर?”

“थांबलो होतो ना,” काका म्हणाले. “त्या दोन सेकंदांतच तर लॉग आउट केलं.”

तिने गणिताचं पुस्तक उचलून कपाटाच्या वरच्या खणात ठेवलं. नव्या पॅटर्नचं नावही त्या घरात पुन्हा निघालं नाही. काकांनी स्वतः अर्जाची शेवटची तारीख जाऊ दिली. वर्षानुवर्षं जी एक गोष्ट उराशी धरली होती तिच्यावर पाणी सोडायला त्यांना फार वेळ लागला नाही, आणि याचंच बायकोला जास्त वाईट वाटलं. सकाळी डबा भरताना आता ती रेडिओ लावते.

निदेशकाची जागा पुढच्या वर्षी भरली. आली ती याच कॉलेजची विद्यार्थिनी, डाव्या रांगेत नऊ नंबरवर रडलेली तीच. मुलगी गुणी होती, कामाला वाघ. पहिल्याच दिवशी ती प्रॅक्टिकलच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन बसली आणि प्रत्येक वही उघडून, वाचून सही करू लागली. कुठे अडलं की काकांना विचारत होती. काका सांगत होते. बरोबर ओळ, बरोबर चूक.

दुपारी वह्या संपल्यावर तिने पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाली, “काका, एक सांगायचं राहिलंय. त्या गणिताच्या पेपरला आमची लाइन गेली होती, आठवतं? तुम्ही होतात म्हणून मी आज इथे बसलेय. नशीब आमचं, त्या दिवशी तुमची ड्यूटी होती.”

काका एसीखालची बादली उचलत होते. ती काठोकाठ भरली होती, म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी धरली.

“हो,” ते म्हणाले. “ड्यूटी होती.”