न चाखलेलं मीठ

पाऊस मोजणं हे माझं नोकरीतलं काम आहे. पांढुर्ण्याच्या आमच्या कार्यालयामागे तारेच्या कुंपणात पर्जन्यमापक बसवलेलं आहे. सकाळी साडेआठला त्यातलं पाणी पेल्यात ओतायचं, आकडा वाचायचा, रजिस्टरात लिहायचा. पाऊस नसला तरी शून्य लिहायचं. एकवीस वर्षं हे केल्यावर एक खोड लागते. कुणी ‘बरंच’ किंवा ‘थोडंसं’ म्हटलं की तोंडात येतं, म्हणजे किती? त्यामुळे नागपूरच्या सर्जननं वहिनींच्या बाबतीत नेमका आकडा सांगितला तेव्हा त्या अवघड प्रसंगातही मला जरा बरं वाटलं होतं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. वय अठ्ठावन्न. सौंसरहून मोहगावकडे जाताना दादांची संत्र्याची बाग आहे, तिथंच ती दोघं राहतात. मुलगा नोकरीनिमित्त पुण्यात. बागेतल्या चार माणसांचं दुपारचं जेवण धरून रोज सहा जणांचा स्वयंपाक वहिनी एकट्या करतात. त्यांच्या बेंबीजवळ हर्निया होता. आधी लिंबाएवढा होता, दोन वर्षांत संत्र्याएवढा झाला.

सर्जन म्हणाले, “वजन शहाऐंशी किलो दोनशे ग्रॅम आहे. पोटावर एवढी चरबी असताना जाळी बसवली तर ती टिकायची नाही. पंचाहत्तरच्या आत या, मग ऑपरेशन करू. पण फार लांबवू नका. आतडं तिथं अडकलं तर वजन बघत बसायला वेळ मिळणार नाही.”

परतताना सावनेरपर्यंत वहिनी बोटांवर काहीतरी मोजत होत्या. मग म्हणाल्या, “भाऊजी, अकरा किलो म्हणजे संत्र्याचे किती हो?”

“अर्धं कॅरेट.”

“मग असं सांगा ना! अर्धं कॅरेट तर मी रोज उचलते म्हणा की. उचलता येते तर उतरवता बी येईन.”

दादा पुढच्या सीटवरून म्हणाले, “आता कॅरेट-बिरेट काही उचलू नको. तेच तर सांगून राहिले डॉक्टर.”

कच्चं खाण्याची कल्पना वहिनींचीच. लोधीखेड्याला त्यांची मावसबहीण आहे, तिनं तसं करून वजन उतरवलं होतं. चुलीवर चढलेलं काही खायचं नाही. मोड आलेली मटकी आणि मूग, गाजर, मुळा, काकडी, टमाटर, पालक, मूठभर सांबार (म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर), बागेतली संत्री आणि ताक. मला हे टोकाचं वाटलं. मी सर्जनना फोन करून विचारलं. ते म्हणाले, कच्चं की शिजवलेलं याच्याशी माझं काही नाही. अशक्तपणा येऊ देऊ नका, चालणं ठेवा आणि दर महिन्याला रक्त तपासा. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण कच्च्या अन्नात काही जादू आहे असं माझं म्हणणं नाही. वहिनींचंही नव्हतं. त्यांचं कारण अगदी साधं होतं.

“कमी खा म्हणते तुमचा डॉक्टर. पण भाकरी पुढ्यात आली, वरून झुणका आला, की अर्ध्यावर उठणं मले नाही जमत. एकदम नाहीच खायचं, हे जमते. माझा सोभाव तसा आहे, काय करता?”

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सुरुवात झाली. दर रविवारी सकाळी मी वजनाचा काटा पिशवीत घालून मोटारसायकलवर बागेत जाऊ लागलो. बरोबर बायकोही यायची, कारण पोटाचा घेर शिंप्याच्या टेपनं मोजायचा होता आणि ते माझं काम नव्हे. काटा खरा आहे की नाही हे मी आधीच सौंसरच्या एका दुकानात वीस किलोच्या मापांवर तपासून घेतलं होतं. काहीही खाण्याआधी, तीच साडी नेसून उभं राहायचं, असा नियम मी केला. साडी वेगळी मोजून घेतली. पाचशे साठ ग्रॅम.

“आता मंगळसूत्र बी काढू का?” वहिनींनी विचारलं. “पन तुमचे भाऊ अजून जित्ते आहेत, पाहा. तिथं उभे आहेत.”

दादा ओट्यावर चहा पीत होते. ते म्हणाले, “काढलं तर माझ्या गळ्यात घाल, माझंही वजन वाढू दे.”

पहिल्या पाच रविवारांत वजन चार किलो शंभर ग्रॅमनं उतरलं. घेर एक्केचाळीस इंचांवरून एकोणचाळीस झाला. मला घेराचा आकडा अधिक भरवशाचा वाटायचा. काट्याला चरबी गेली की अंगातली ताकद गेली हे कळत नाही. टेप निदान पोटावर काय चाललंय ते सांगतो.

पाचव्या आठवड्यात मात्र वहिनींना बागेत चालताना चक्कर आली. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन थोडं कमी होतं. सौंसरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि प्रथिनं वाढवा म्हणाले. त्या संध्याकाळी मी घरी बसून वहिनींसाठी नवा तक्ता केला. त्यात एक ओळ होती: ‘शेंगदाणे, एक वाटी, भिजवून, दोन वेळा.’ तो तक्ता वहिनींनी स्वयंपाकघरात, मसाल्याच्या डब्यांच्या वर, भिंतीला चिकटवला.

पुढच्या रविवारी वजन तेवढंच. त्याच्या पुढच्या रविवारी शंभर ग्रॅम जास्त. तक्ता लावल्यापासूनच्या चौथ्या रविवारी तीनशे ग्रॅम जास्त. चक्कर थांबली होती, पण हर्निया खोकताना दुखू लागला होता. दादा एका बाजूला घेऊन म्हणाले, “हे असंच राहिलं तर काय करायचं रे? परवा भाजी चिरायला बसली अन् उठताच येईना तिले.”

मी वही घेऊन बसलो. आकडे सांगत होते की काहीतरी जास्तीचं पोटात जातंय. आणि मग मी तो विचार केला, ज्याची मला अजून लाज वाटते. सहा माणसांचा स्वयंपाक करणारी बाई. दिवसातून किती वेळा चमचा तोंडात जात असेल? रश्श्याची चव, भाजीची चव, तळणातला एखादा तुकडा. माणूस आहे, जाणारच.

त्याच्या पुढच्या रविवारी मी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं. शक्य तितक्या हळू आवाजात विचारलं, पण विचारलं.

“वहिनी, चव पाहताना काही पोटात जातं का? मीठ बघायला वगैरे. मी रागावणार नाही. फक्त अंदाज घेतो, म्हणजे वहीत धरता येईल.”

चुलीवर वांग्याची भाजी होती. त्यांनी झाकण ठेवलं, हात पदराला पुसले.

“महालक्ष्म्या बसतात तवा माझ्या हातचं जेवता ना तुम्ही?”

“दरवर्षी.”

“सोळा भाज्या, कढी, पुरन. नैवेद्य दाखवल्याबगर त्यातलं कोणी चाखते का?”

“नाही.”

“मीठ कधी चुकलं?”

मी आठवू लागलो. तीस वर्षांत एकदाही नाही.

“मग आता बी तसंच करून राहिली. रोजचाच सैपाक नैवेद्याचा धरला. कढईत डोकावते, वास घेते, हातानं मीठ टाकते अन् वाढते. दोन महिने झाले, चमचा तोंडाले लावला नाही, भाऊजी.” मग बाहेर दादांकडे पाहून मोठ्यानं म्हणाल्या, “अन् जेवनाऱ्याले पत्ता बी नाही!”

दादांना खरोखरच पत्ता नव्हता. ते आत आले, भाजीकडे आणि वहिनींकडे बघत राहिले. “परवा मी म्हणालो होतो ना, आज मीठ बराबर पडलं म्हणून?”

“म्हणाले होते. मी म्हनलं, बापा, पास झाली.”

गरम भाकरीचा वास, फोडणीचा वास, पाच जणांची ताटं, आणि शेवटी स्वतःचं ताट गाजरा-मुळ्याचं. हे त्यांनी कुणाला सांगितलंही नव्हतं. माझ्या वहीत त्यासाठी रकाना नव्हता.

दादा बाहेर गेले. विषय बदलायला म्हणून मी म्हणालो, “मग दिवसभरात काय खाता ते एकदा समोर मांडून दाखवा. माझंच काहीतरी चुकत असेल.”

वहिनींनी मटकी काढली, काकडी काढली, ताकाचा पेला ठेवला. शेवटी त्यांनी भिजवलेल्या शेंगदाण्यांचा गंज, म्हणजे उभट पातेलं, पुढं सरकवला.

“हे सकाळचे. एवढेच संध्याकाळी. तेवढे कमी करता आले तर पाहा बरं. घशाखाली उतरत नाहीत आता. पन तुम्ही लिहिलं म्हणून खाऊन राहिली.”

“एवढे? एक वाटी लिहिलं होतं.”

“एकच वाटी आहे,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी वाटी दाखवली.

ती पाटोडीच्या, म्हणजे बेसनाच्या वड्यांच्या, रश्श्याची वाटी होती. खोल, जाड काठाची, त्या घरात वाटी म्हटली की तीच. माझ्या घरी वाटी म्हटली की चटणीची. तक्ता लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे ती होती.

साडी मोजायला आणलेला छोटा काटा पिशवीत होताच. त्यांच्या वाटीत कोरडे दाणे एकशे दहा ग्रॅम बसले. माझ्या घरच्या वाटीत चाळीस बसतात. म्हणजे दिवसाला ऐंशीच्या जागी दोनशे वीस ग्रॅम शेंगदाणे त्या महिनाभर, नको वाटत असताना, गिळत होत्या. तेही त्यांच्या या भाऊजीच्या अक्षरावर विश्वास ठेवून.

पर्जन्यमापकाचं नरसाळं आणि त्याचा पेला एकमेकांसाठीच केलेले असतात. दुसऱ्या यंत्राचा पेला घेतला की आकडा खोटा येतो. नव्या माणसाला मी पहिल्याच दिवशी हे शिकवतो. आणि स्वतः मात्र मोघम ‘वाटी’ लिहून मोकळा झालो होतो. वजन थांबलं तेही नेमकं नव्या तक्त्याच्या आठवड्यापासून, हे वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. तरी मी चूक शोधायला त्यांच्या चमच्यापर्यंत गेलो.

“चूक माझी आहे, वहिनी. आणि वर तुम्हालाच विचारलं.”

“विचारलं ते चांगलं केलं. नाही तर होळीपर्यंत दानेच खात बसली असती.” त्या हसल्या. मग माझ्या बायकोला म्हणाल्या, “यांच्या हिशोबानं घर चालवतेस तू? धन्य आहेस बाई.”

मी भिंतीवरचा तक्ता काढला आणि नवा लिहिला, सगळा ग्रॅममध्ये. चटणीची एक वाटी पुढच्या खेपेला घरून नेऊन दिली.

त्यानंतर वजन पुन्हा उतरू लागलं. कधी अकराशे ग्रॅम, कधी आठशे, एका आठवड्यात काहीच नाही. हरभऱ्याचे ओले दाणे आले, पेरू आले. तोडणीच्या दिवसांत बागेत माणसं वाढली, तेव्हा दहा-दहा जणांचा स्वयंपाक झाला आणि मीठ एकदाही चुकलं नाही. आता मी लक्ष देऊन जेवत होतो.

फाल्गुनात आम्ही पुन्हा नागपूरला गेलो. मी वही उघडायच्या आतच वहिनी डॉक्टरांना म्हणाल्या, “अजून आठशे ग्राम बाकी आहे, डॉक्टरसाहेब. आधीच सांगते.”

दवाखान्याच्या काट्यावर पंचाहत्तर किलो आठशे आलं. घेर साडेछत्तीस. डॉक्टरांनी पोट तपासलं, सोनोग्राफी पाहिली, रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, “पोट आता मऊ आहे, जागा झाली आहे. आठशे ग्रॅमसाठी नाही थांबत. सोमवारी दाखल व्हा.”

“आठशे माफ?” वहिनींनी विचारलं.

“माफ.”

ऑपरेशन ठीक झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी पहिले काही दिवस मऊ, शिजवलेलं अन्न सांगितलं. दहा दिवस वहिनी आमच्याकडे पांढुर्ण्याला राहिल्या. पहिल्या दुपारी माझ्या बायकोनं मुगाची खिचडी केली. चार महिन्यांनंतरचं पहिलं शिजवलेलं अन्न वहिनींना वाढायचं, म्हणून तिनं ती चाखली नाही. त्यांच्यासारखीच नुसत्या हाताच्या अंदाजानं मीठ घातलं.

वहिनींनी वाफ येणाऱ्या ताटलीवर थोडा वेळ हात धरला. मग पहिला घास घेतला.

बायकोनं विचारलं, “मीठ बराबर पडलं का, जाऊबाई?”

“बराबर आहे,” वहिनी म्हणाल्या. हळूहळू त्यांनी वाढलेली सगळी खिचडी संपवली.

नंतर मी पातेल्यातली एक चमचा खाल्ली. चांगलीच खारट होती. वहिनी पाणी पीत माझ्याकडे बघत होत्या. मी पातेल्यावर झाकण ठेवलं.