नातवाची नोकरी बघायला

लिंबाजी जळकोट तालुक्यात चाळीस वर्षं पोस्टमन होता. उन्हातान्हात सायकल दामटून त्याने सगळ्यांची सुखदुःखं घरपोच केली, स्वतःची मात्र कुणापुढे मांडली नाहीत. आम्ही एका गावचे, एका वर्गातले. तो बौद्धवाड्यातला, मी शंभर एकरवाल्यांच्या घरातला. अठ्ठ्याहत्तरी आली तरी रोज भांडतो आणि रोज सोबत चहा पितो.

त्याचा नातू संघपाल एम. ए. होऊन पाच वर्षं रिकामा होता. मग लातूरजवळच्या ‘जुनं गाव’ नावाच्या संग्रहालयात त्याला काम लागलं. तिथे पगारी माणसं कुंभार, लोहार, पाटील बनून जुन्या काळासारखी वावरतात आणि शहरातली मंडळी तिकीट काढून बघतात. ‘पाव्हण्यांना माहिती सांगतो,’ असं संघपालने घरी सांगितलं होतं. तीन महिने झाले की नोकरी पक्की, आणि नोकरी पक्की झाली की लग्न. महिनाच उरला होता. मी म्हटलं, लिंबाजी, चल, नातवाचं हापिस बघून येऊ. म्हातारपणी नसत्या उठाठेवी, दुसरं काय!

लिंबाजीने ठेवणीतला पांढरा सदरा घातला. एसटीत तो शेजारच्या अनोळखी बाईलाही सांगत होता, “नातू हाय माझा तिथं, कामाला.”

दारातच प्रत्येकाच्या हातावर चतकोर भाकर ठेवली. आम्हाला वाटलं, खायला. लिंबाजीने घास मोडून तोंडात टाकलाही. तेवढ्यात तिथली पोरगी म्हणाली, “आजोबा, ही येसकराला वाढायची आहे.”

येसकर म्हणजे गावाची राखण करणारा आणि सांजेला दारोदार भाकर मागून जगणारा. लिंबाजीचा बाप तेच करायचा. धर्मांतर केलं त्या दिवशी त्याने येसकराची काठी चुलीत घातली आणि तिच्या जाळावर भाकरी भाजली. लिंबाजीने हे मला शंभरदा सांगितलंय. दर वेळी मला लाज वाटते, कारण त्याच्या बापाच्या घोंगडीत आमच्याच दारातून भाकर पडायची, वरून, हात न लागता.

तोंडातला घास लिंबाजीला गिळवेना आणि थुंकवेना. इतक्यात बोळातून येसकर आला. खांद्यावर घोंगडी, हातात घुंगरांची काठी. तो संघपाल होता.

आजाला बघून पोराचा आवाजच बसला. ‘जोहार मायबाप’ एवढंही धड फुटेना. मॅनेजर सगळ्यांदेखत खेकसला, “किती वेळा सांगायचं? वाकून म्हण! खरं वाटलं पाहिजे. जमत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस.”

माझं टाळकं सरकलं. मी मॅनेजरच्या अंगावर जाणार, तोच लिंबाजीने माझा दंड धरला.

“गप ऱ्हा, बजरंगा. तुझ्या तोंडापायी पोराचं काम जाईल.”

तो पुढे गेला आणि नातवाच्या हातातून काठी घेतली.

“अशी न्हाई धरत. धाव्या वर्षापतोर मी बापाच्या मागं फिरलो हाय. बघून घे.”

त्याने काठी काखेत दाबली, पाठ वाकवली, नजर जमिनीला लावली आणि हाळी दिली, “जोहार मायबाप! भाकर वाढा, माय!” माझ्याशी रोज कडाकडा भांडणारा माणूस असा गयावया करताना मी कधी ऐकला नव्हता. लोकांनी मात्र टाळ्या वाजवल्या, मोबाईल वर धरले.

“आता तू म्हण,” लिंबाजी म्हणाला.

संघपाल वाकला. रडत रडत त्याने तीच हाळी दिली.

“हां, असं!” मॅनेजर खूश झाला. मंडळी पुढे सरसावली आणि घोंगडीत भाकरी टाकू लागली.

संघपालची नोकरी पक्की झाली, लग्नही झालं. आता तो सुटीला घरी येतो तेव्हा लिंबाजी माझ्या ओसरीवर येऊन बसतो आणि नातू परत जाईपर्यंत घरी जात नाही.