सगळ्यात कटकटीचं यंत्र

गवत कापणारे रोबो विकणाऱ्या त्या दुकानदाराला गिऱ्हाइकांनी आजवर नाना प्रश्न विचारले होते. पावसात भिजलं तर काय होतं, कुत्र्याच्या शेपटीला धोका आहे का, चोरीला गेलं तर आपण होऊन घरी परत येतं का. पण सिस्टरनी काउंटरवर पर्स ठेवून जे विचारलं, त्याचं उत्तर कंपनीच्या प्रशिक्षणात कुणी शिकवलेलं नव्हतं.

"यातलं सगळ्यात कटकटीचं कोणतं?"

दुकानदाराला वाटलं, बाईंना 'कमी कटकटीचं' म्हणायचं असेल. त्याने नम्रपणे दुरुस्ती सुचवली. सिस्टरनी ती तितक्याच नम्रपणे नाकारली.

सिस्टर म्हणजे इस्पितळातल्या वॉर्डच्या निवृत्त प्रमुख परिचारिका. नोकरी संपली तरी गल्लीने पदवी काढून घेतली नाही, आणि नवऱ्यानेही नाही. फरक इतकाच की तो ती चिडवायला वापरी. ऑपरेशन झालेल्या माणसाला अंथरुणातून उठवणं हा सिस्टरचा हातखंडा होता. त्यासाठी त्यांनी कधी आवाज चढवला नाही की लाडीगोडी लावली नाही. रोग्याचा चष्मा, वर्तमानपत्र, पाण्याचा ग्लास, असं सगळं त्या हाताच्या टप्प्यापासून जरासं पलीकडे ठेवत. रोगी मनातल्या मनात शिव्या घालत उठे आणि बरा होऊन घरी जाई. जाताना आभार मात्र डॉक्टरांचे मानी. सिस्टरना त्याचं काही वाटत नसे. डॉक्टरांचेही कुणीतरी आभार मानायला हवेतच, असं त्यांचं मत होतं.

आता रोगी घरातच होता आणि त्याला ही युक्ती तीस वर्षं ठाऊक होती.

तो रोगी म्हणजे त्यांचे यजमान, टेलिफोन खात्यातले लाइनमन. जमिनीखालच्या तारेत कुठे बिघाड झाला तर तो हुडकून काढणं हे त्यांचं काम. लोकांनी तारा सोडून हवेतून बोलायला सुरुवात केली तेव्हा ते निवृत्त झाले, आणि हा निव्वळ योगायोग आहे यावर त्यांचा कधीच विश्वास बसला नाही. पुढे घरामागची हिरवळ हेच त्यांचं खातं झालं. दर रविवारी दोरी ओढून सुरू करायचं ते अवजड यंत्र ढकलत ते गवत असं कापत, की शेजारचे बेकरीवाले आपल्या गवताकडे पाठ करून बसत.

मग हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं: काही ओढायचं नाही, ढकलायचं नाही, उचलायचं नाही, मात्र रोज चालायचं. यातल्या पहिल्या तीन आज्ञा लाइनमननी इतक्या निष्ठेने पाळल्या की चौथीला जागाच उरली नाही. खिडकीशी खुर्ची टाकून ते बसून राहिले. गवत वाढत गेलं, ते बघवेना, तेव्हा उठून काही करण्याऐवजी त्यांनी खुर्चीचं तोंड भिंतीकडे फिरवलं.

चालण्याचा विषय काढला की ते विचारत, "कुठे जाऊ?" कोपऱ्यापर्यंत, सिस्टर सांगत. "कोपऱ्यावर काय बिघडलंय?" कोपऱ्यावर काही बिघडलेलं नसे. आणि कुठेतरी काहीतरी बिघडल्याशिवाय हा माणूस जन्मात कधी चाललेला नव्हता.

तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी सिस्टरना बाजूला घेतलं. नव्या रक्तवाहिन्या उत्तम बसल्या आहेत, ते म्हणाले, पण हे असेच बसून राहिले तर आम्ही केलेलं सगळं ती खुर्ची हळूहळू पुसून टाकेल. पुसून टाकेल म्हणजे काय, हे सिस्टरना समजावून सांगायची गरज नव्हती. असे बसलेले लोक त्यांनी पाहिले होते. त्यांच्या खाटा रिकाम्या झाल्यावर चादरीही त्यांनीच बदलल्या होत्या.

लेकीने फोनवर सुचवलं, की माळी ठेव. माळी गवत कापेल, हे सिस्टरना मान्य होतं. त्यांची अडचण गवताची नव्हतीच. म्हणून त्या दुकानात आल्या.

दुकानदाराने आधी सगळ्यात नवं यंत्र पुढे केलं. त्याला तार नको, काही नको. आकाशातल्या उपग्रहाला विचारून ते आपली जागा ओळखतं, कॅमेऱ्याने फुलझाडं बघतं, पाऊस आला की आपण होऊन आत जातं. "तुम्हाला फक्त खुर्चीत बसायचं," तो अभिमानाने म्हणाला.

"बसायला घरात एक आहेत," सिस्टर म्हणाल्या. "दुसरं दाखवा."

मग कोपऱ्यातलं जुन्या पद्धतीचं खोकं निघालं. दुकानदार मुळात सरळ माणूस, त्यामुळे त्याने त्याचे दोष लपवले नाहीत. हिरवळीच्या कडेने सगळीकडून तार टाकावी लागते, ती खुंट्यांनी जमिनीला ठोकावी लागते. तारेतून सतत इशारा वाहतो आणि तो ओळखून रोबो हद्दीच्या आत राहतो. तार कुठेही तुटली की यंत्र हलायचं नाव घेत नाही, नुसता लाल दिवा लावून बसतं. आणि कुठे तुटली ते शोधणं म्हणजे डोक्याला ताप. प्रत्येक दोषागणिक सिस्टरचा चेहरा खुलत गेला. हेच द्या, त्या म्हणाल्या.

घरी त्यांनी तारेचं भेंडोळं खुर्चीसमोर उलगडलं, काही न बोलता बाहेर नेलं आणि टाकायला सुरुवात केली. कोपऱ्यात काटकोनात मोडली, झाडाच्या बुंध्याला गुंडाळली, एका जागी तारेवर तार चढवली. हे सगळं मुद्दाम केलं असं त्या नंतर म्हणत असत. पण त्यांना तार टाकता येत नव्हती हेही तितकंच खरं होतं.

आत खुर्ची करकरली.

"अगं, ती तार आहे. बँडेज नव्हे."

पुस्तिकेत असंच आहे, सिस्टर म्हणाल्या. पुस्तिका लिहिणाऱ्याने आयुष्यात तार पाहिली नसावी, असं लाइनमननी खिडकीतून जाहीर केलं. मग दारातून जाहीर केलं. मग ते सपाता घालून हिरवळीत उभे होते आणि सगळी तार उपटायला सांगत होते. पुढचे काही दिवस ते कडेकडेने हिंडत राहिले आणि सिस्टर त्यांच्या हुकमाने खुंट्या ठोकत राहिल्या. तारेला कोपऱ्यात वळायला ऐसपैस जागा द्यायची, फावडं लागेल तिथे खोल घालायची, जोड पाण्यापासून जपायचा. सिस्टरनी इतकी बोलणी आयुष्यात कुणाची ऐकून घेतली नव्हती. ती त्यांनी मन लावून ऐकली.

रोबो सुरू झाला. कासवासारखा निघे, हद्दीशी येऊन जरा विचारात पडल्यासारखा थांबे आणि वळे. चार्जिंग संपत आलं की मुकाट आपल्या ठाण्यात जाऊन बसे. गवत मखमलीसारखं झालं. एक दिवस गेला, एक आठवडा गेला, काही म्हणजे काही बिघडलं नाही.

सिस्टरचा अंदाज चुकला तो इथे. दुकानातलं सगळ्यात कटकटीचं यंत्र त्यांनी निवडून आणलं खरं, पण त्याची तार शहरातल्या सगळ्यात चोख लाइनमनकडून टाकून घेतली. आता ती तुटायची कशी? लाइनमननी खुर्ची पुन्हा खिडकीकडे वळवली आणि ते बसून रोबो बघू लागले. दिवसभर. त्यांची तब्येत तेवढ्यापुरती खुशीत होती आणि पायांवर सूज दिसू लागली होती.

सिस्टरनी ती सूज बोटाने दाबून पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी यजमान आंघोळीला गेले असताना त्या स्वयंपाकघरातली कात्री घेऊन मागे गेल्या, कुंपणाशी वाकल्या आणि तार कापली. वरून माती सारखी केली, हात धुतले आणि चहा टाकला.

आंघोळीहून आल्यावर लाइनमनना आधी शांतता ऐकू आली. मग लाल दिवा दिसला. त्यांनी चहा घेतला नाही. माळ्यावरून जुना ट्रान्झिस्टर काढवला, कुठलंच स्टेशन नसेल अशा जागी काटा ठेवला आणि तो जमिनीजवळ धरून तारेच्या बाजूने चालू लागले. तारेत जीव असतो तिथे ट्रान्झिस्टर गुणगुणतो, तुटलेल्या जागी मुका होतो.

बेकरीवाले कुंपणावर रेलले. "काय हो, गवताला बातम्या ऐकवताय?"

"गवत निदान मधे बोलत नाही," लाइनमन म्हणाले आणि पुढे सरकले.

जेवणाआधी बिघाड सापडला. उंदीर, त्यांनी निदान केलं. तार जोडली, भूक लागली म्हणून सांगितलं आणि जेवताना खंदकात पाणी भरलेलं असताना केबल कशी जोडली होती ती हकिकत सांगितली. सिस्टरनी ती जन्मात पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐकली.

त्यानंतर सिस्टरनी उपचार नीट आखला. कधी हौदाजवळ, कधी शेडमागे, कधी घरापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात. अंतर हळूहळू वाढवत नेलं. उंदीर लाइनमनच्या फार बोलण्यात येऊ लागला. त्याला वेळीच पकडायचा म्हणून ते बिघाड नसतानाही सकाळ-संध्याकाळ तारेवरून गस्त घालू लागले. पायांची सूज उतरली. डॉक्टरांनी खूश होऊन विचारलं, कसला व्यायाम करता? व्यायाम कसला, लाइनमन म्हणाले, फॉल्ट शोधतो. डॉक्टरांनी कागदावर 'चालणे' असं लिहिलं.

मग लेक राहायला आली. आली ती नेमकी तार तुटलेल्या दिवशी. बाप उन्हात स्टुलावर बसून मातीतून तार उकरतोय हे पाहून तिला भडभडून आलं. तिने फोनवर लगेच ते नवं बिनतारी यंत्र शोधलं. माझ्यातर्फे भेट, ती म्हणाली, उद्याच येईल. बाबा, तुम्हाला हातसुद्धा लावायला नको.

सिस्टर स्वयंपाकघराच्या दारात भाजीची परात घेऊन उभ्या होत्या. नको म्हणावं तर कारण सांगावं लागणार होतं आणि खरं कारण सांगितलं तर सगळंच मुसळ केरात. वॉर्डात त्यांचं कधी अडलं नव्हतं. इथे मात्र अडलं. उद्या ते यंत्र आलं की परवा खुर्ची.

लाइनमननी चष्मा पुसून फोन हातात घेतला. उपग्रह, कॅमेरा, सगळं सावकाश वाचलं.

"छानच आहे," ते म्हणाले. "पण मग तुझ्या आईनं कापायचं काय?"

लेकीला कळेना. आईनं काय कापायचं म्हणजे?

"उंदीर तार कुरतडतो. अशी एका घावात सरळ कापत नाही. आणि मी आंघोळीला जायची वाट बघत तर मुळीच बसत नाही."

सिस्टरनी परात खाली ठेवली. "कधीपासून कळलंय तुम्हाला?"

"पहिल्या दिवसापासून. आयुष्यभर तुटलेल्या तारा पाहिल्यात मी, सिस्टर."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर थांबली असतीस तू."

लेकीने एकदा आईकडे पाहिलं, एकदा बापाकडे, आणि फोन पर्समध्ये टाकला. मग लाइनमन तारेच्या जोडाला चिकटपट्टी गुंडाळत म्हणाले, आता कळलंच आहे तर एक सांगतो, तेवढं गुलाबांमागे कापू नकोस, काटे लागतात. बघते, सिस्टर म्हणाल्या, पण कबूल काही केलं नाही.

पुढच्या वेळी तार तुटली ती गुलाबांच्या बरोबर मागे. लाइनमननी हातमोजे मागवून घेतले, ट्रान्झिस्टर काखेत मारला आणि बेकरीवाल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात उंदराच्या खानदानाचा उद्धार करत ते निघाले. उंदीर खिडकीत बसून भाजी निवडत होता.