मोटारींचा ग्रुप आणि परमुलखातली लढाई

शाळेत मी चौथीपर्यंत होतो, तेही धड नाही. अक्षराला अक्षर जोडून वाचतो, पण वाचतो. मोबाईलवर लिहायला म्हातारपणी शिकलो आणि माझा मीच शिकलो. त्यामुळं "म्हाताऱ्याला ग्रुपमधलं काय कळतंय" असं जे म्हणत असतील त्यांना सांगतो, मला सगळं कळलं. कळलं म्हणूनच एवढं लागलं.

डिंगोऱ्यात आमचा मळा आहे. विहीर घरापासून लांब, ओढ्यापलीकडं. लाईट कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळं मोटार चालू करायला सारखे हेलपाटे. मग मोबाईल स्टार्टर आला. स्टार्टरच्या पेटीत सिमकार्ड बसवायचं, घरी ओट्यावर बसून त्या नंबरला फोन लावायचा, पलीकडून बाई बोलते, एक दाबा. दाबलं की तिकडं विहिरीवर मोटार चालू. पहिल्या दिवशी मी त्या बाईला "बरं बाई" म्हणालो. घरातले अजून हसतात. हसू देत, मोटार चालू झाली ना.

पण त्या पेटीच्या भानगडी फार. कधी रेंज जाते, कधी उंदीर वायर कुरतडतो, कधी एक फेज गेला की मोटार नुसती घुमत बसते. म्हणून माझ्या जोडीदारानं व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला. जोडीदार म्हणजे आमचा बांधाला बांध, माझ्याच वयाचा. पहिलीला आम्ही दोघं एका पाटीवर अक्षरं गिरवायचो. मी चौथीत सुटलो, तो मॅट्रिकपर्यंत गेला. माझ्या वडलांना त्यानं खांदा दिला, त्याच्या पोरीच्या लग्नात पंगतीचं सगळं मी पाहिलं. ग्रुप काढल्यापासून गाव त्याला ॲडमिन म्हणायला लागलं. त्याची बायकोसुद्धा हाक मारायची, "ॲडमिन, चहा निवतोय."

ग्रुपात आमच्या गावचे लोक, ओतूरकडचे, तिकडं आंबेगावात पार लोणी-पारगावपर्यंतचे. आणि एक जुन्नरचा मिस्त्री. तो मुसलमान. जळालेल्या मोटारी नवी तार घालून भरून द्यायचं दुकान त्याच्या बापापासून. आमच्या शिवारातली बहुतेक प्रत्येक मोटार कधी ना कधी त्याच्या दुकानात जाऊन आलेली. माणूस तोंडानं तिखट. कोणी ग्रुपवर टाकायचं, मोटार घुमतीय, वास येतोय, काय करू? की लगेच मिस्त्रीचा आवाज यायचा, "आधी बंद करा की राव! मोटार पेटेस्तोवर मेसेज लिहीत बसलाय व्हय?" मला तर तो कायम म्हातारबाच म्हणायचा. "म्हातारबा, पेटीचा फोटो टाकलाय का तुमच्या अंगठ्याचा?" मी चिडायचो आणि दुसरा फोटो टाकायचो, त्यातही अंगठा असायचा. सगळा ग्रुप हसायचा. त्या हसण्याची मला सवय लागली होती, खोटं कशाला सांगू. सकाळी चहाबरोबर आधी ग्रुप उघडायचो.

बिघडायला सुरुवात चायनापासून झाली. कोणाच्या तरी पेटीतलं सर्किटचं कार्ड जळालं. मिस्त्री म्हणाला, कार्ड चायनाचं आहे, उन्हाला टिकत नाही, पेटीवर सावली करा. झालं. सावलीचं राहिलं बाजूला, दोन दिवस सगळे चायनावर. त्यातून अमेरिका निघाली, अमेरिकेतून रशिया. जे ग्रामसभेला कधी येत नाहीत ते जगाचे निकाल द्यायला लागले. एक जण म्हणाला, रशियानं असं करायला पाहिजे होतं. मी आवाज भरून पाठवला, "तुझ्या ठिबकच्या नळ्या चोंदल्यात त्या आधी धू, मग रशियाला सांग." तेव्हा सगळे हसले. तेव्हा हसायला येत होतं.

मग लोणीकडच्या एकानं ठिबकचा व्हिडिओ टाकला. इस्रायलची शेती, वाळवंटात भोपळी मिरची, सगळे व्हॉल्व्ह आपोआप उघडतात आणि मिटतात. चांगला व्हिडिओ होता, मी दोनदा पाहिला. पण तिकडं लढाई चालू होती. व्हिडिओखाली कोणी शेतीवर बोलेना. लढाईचे फोटो यायला लागले, नकाशे यायला लागले. जो तो इकडचा नाहीतर तिकडचा. आणि मग एकानं सरळ विचारलं, "मिस्त्री, तुमी कुणाकडून?"

मिस्त्री म्हणाला, "मी थ्री फेजकडून. लाईट आली की कळवा."

त्यावर कोणीतरी लिहिलं, "टाळू नका, बोला."

दोन दिवस मोटारींचे प्रश्न आले तरी मिस्त्रीचा आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशी एक व्हिडिओ आला. बॉम्बनं पडलेली इमारत, एक माणूस मातीनं माखलेलं लेकरू घेऊन पळतोय. त्याच्याखाली आमच्या ग्रुपातल्या कितीकांनी हसरी तोंडं टाकलेली. ज्यांना मी लंगोटात पाहिलंय असे त्यात होते. मिस्त्रीनं खाली एक ओळ लिहिली. "लढाई कुणाची का असेना, मेलेल्या लेकराला हसू नका."

एवढीच ओळ. त्याच्यावर काय काय आलं ते मी इथं लिहिणार नाही. तिकडंच जा म्हणाले, हे त्यातलं सगळ्यात साधं. जुन्नरच्या बाहेर त्याची सोयरीकसुद्धा नाही, तो कुठं जाणार होता? दुपारी ग्रुप उघडला तर मधोमध बारीक अक्षरात आलेलं, ॲडमिननं मिस्त्रीला काढून टाकलं. मी ते अक्षर अक्षर जोडून वाचलं. परत वाचलं. मला वाटलं माझ्याच वाचण्यात चूक आहे.

तसाच उठून जोडीदाराकडं गेलो. तो पडवीत कांद्याची प्रतवारी करत बसला होता.

"मिस्त्रीला का काढला?"

"बस की आधी. पाणी पी."

"पाणी प्यायला न्हाई आलो."

"आरं गड्या, भांडण वाढलं व्हतं. शांत करायचं व्हतं मला."

"भांडण त्यानं लावलं व्हतं का?"

"न्हाई, त्यानं न्हाई. पण लावणारे किती हायेत बघ ना. त्यांना काढलं तर ग्रुप ऱ्हातो का? ह्यो एकटा. एक काढला की झालं शांत."

"म्हंजे मार खाणाराच बाहेर, का तर तो एकटा?"

"तुझं लई टोकाचं असतं बघ. मी त्याला मनातून काढला का? उद्या माझी मोटार जळाली तर मी त्याच्याकडंच जाणार."

असं म्हणून त्यानं एक चांगला कांदा चांगल्या ढिगात टाकला. आयुष्यभराचा माझा माणूस. मला त्याच्याकडं बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळभर बसून मी ग्रुपवर लिहिलं. आवाज नाही भरला. आवाज कोणी ऐकतं, कोणी ऐकत नाही. लिहिलं, "मिस्त्रीला परत घ्या. आपल्या सगळ्यांच्या मोटारी त्याने नीट केल्या. मेलेल्या लेकराला हसू नका, एवढंच तो म्हणाला. यात काय चूक आहे ते मला सांगा." वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. उत्तर कोणाचंच नाही. संध्याकाळी एकानं गुलाबाचं फूल आणि सुविचार टाकला, त्याला मात्र सगळ्यांनी हात जोडले.

पण मला एकट्याला मेसेज आले. एक आला, दुसरा आला. "काका, तुमचं बरोबर आहे." "मनातलं बोललात." "आम्हाला पण वाईट वाटलं, पण ग्रुपवर कशाला बोलायचं." पहिला वाचून मला बरं वाटलं, हे कबूल करतो. चौथा वाचेपर्यंत अंगाची आग व्हायला लागली. ज्यांनी शिव्या दिल्या त्यांचं मला एवढं लागलं नाही. त्यांनी निदान चारचौघांत दिल्या. हे मात्र माझ्या कानात येऊन हळूच बरोबर म्हणणारे, आणि बाहेर फुलाला हात जोडणारे. तरी मी मनाची समजूत घातली. म्हटलं, मोबाईलवर माणूस भितो. समोरासमोर असते तर बोलले असते.

मी जुन्नरला गेलो. दुकानात मिस्त्री एका मोटारीची जुनी तार काढत होता. मला बघून उठला, स्टूल पुसून दिलं.

"या काका, बसा. काय सेवा करू?"

काका! इतक्या वर्षांत त्यानं मला कधी काका म्हटलं नव्हतं.

मी म्हणालो, "मिस्त्री, मी लिहिलंय ग्रुपवर. तुला परत घ्या म्हणून."

"कळलं मला. आपण कशाला तरास घेतला?"

"तरास कसला? चूक झालीय त्यांची."

"व्हय, बरोबर हाय आपलं. चहा घेणार ना?"

मग पावसापाण्याचं बोलला, माझ्या गुडघ्याचं विचारलं. चहा मागवला. सगळं व्यवस्थित, पाहुण्याशी बोलावं तसं. मी मुद्दाम म्हणालो, "माझ्या पेटीचा फोटो आणलाय, बघ, अंगठा हाय का." त्यानं फोन हातात घेतला, फोटो नीट पाहिला आणि म्हणाला, "छान आलाय." त्या वाक्यानं जे झालं ते शिवी देऊनसुद्धा झालं नसतं. त्याच्या दुकानात मीसुद्धा आता ग्रुपातलाच एक होतो.

उन्हाळ्यात जोडीदाराची मोटार जळाली.

आमच्याकडं एक रीत आहे. विहिरीतनं मोटार वर काढायची हाक आली की ज्याला ऐकू आली त्यानं जायचं. बांधाची कोर्टकचेरी चालू असली तरी जायचं. एकट्यादुकट्यानं मोटार निघत नाही, पाइपात पाणी असतं, दोर हाताला काचतो. त्यामुळं दोर धरताना भांडण काढायचं नाही. मी जोडीदाराशी तोवर बोलणं टाकलं होतं. हाक आली आणि मी गेलो. न जाणं माझ्या घराण्यात नाही.

आठ-दहा माणसं जमली होती. मला हळूच मेसेज करणारे चौघंही होते. आम्ही दोर ओढला. एक जण विहिरीच्या काठावर वाकून पाइपाकडं बघत सांगत होता, ओढा, थांबा, ओढा. मोटार वर आली, मातीवर आडवी झाली. जळाल्याचा वास सुटला. जोडीदारानं टॉवेलनं तोंड पुसलं, माझ्याजवळ आला आणि आवाज खाली करून म्हणाला, "मिस्त्रीला फोन लाव ना. तुझं ऐकतो तो. मी लावला तर उचलायचा न्हाई."

मी दोर खाली ठेवला होता. म्हणजे आता बोलायला हरकत नव्हती.

म्हणालो, "लावतो. आधी ग्रुपवर लिही, चुकलं म्हणून. आणि त्याला परत घे. आत्ता, इथं, माझ्यासमोर."

"आरं, ग्रुपवर कशाला? लोक काय म्हणतील? हितं आपलीच माणसं हायेत, मी हितं म्हणतो की चुकलं."

"काढताना हितं काढला व्हता का?"

मी त्या चौघांकडं वळलो. "तुमी मला लिहिलं ते आता बोला. मोबाईल न्हाई मधे. ऊन हाय, उजेड हाय, ॲडमिन समोर हाय."

एक जण पाइपाचा सांधा बघायला लागला. दुसऱ्यानं तंबाखू काढली. तिसरा म्हणाला, "काका, जाऊ द्या ना आता, पिकं जळत्यात." चौथा माझ्याकडं बघत होता, त्याचे ओठ हलले असं मला वाटलं. पण तेवढंच. समोरासमोर असते तर बोलले असते, ही माझी समजूत तिथंच त्या मातीवर पडली.

मी हात धुतले आणि घरी आलो. मोटार त्यांनी पिकअपमध्ये घालून दुसऱ्या गावच्या दुकानात नेली. जोडीदार अजून बांधावरून जाताना थांबतो, काहीतरी बोलल्यासारखं करतो. मी पुढं जातो.

घरचे म्हणतात, ग्रुप सोडा. मी का सोडू? काढायचं असेल तर त्यानं काढावं, बारीक अक्षरात येऊ दे माझंही. मोटारीचा कोणताही प्रश्न आला की मी खाली एकच ओळ लिहितो, "जुन्नरला मिस्त्री आहे, त्याला विचारा." ग्रुपवर कोणी काही बोलत नाही. मग दुपारपर्यंत मला एकट्याला कोणाचा तरी मेसेज येतो, "काका, मिस्त्रीचा नंबर पाठवा. ग्रुपवर नको." मी उत्तर लिहितो, ग्रुपवर मागा, ग्रुपवरच देतो.

अजून कोणी मागितला नाही.