अक्कांची चुकीची मोजदाद

अख्ख्या शिरपुरात माणसं मोजायला अक्कांइतकं कच्चं कोणी नव्हतं. अक्का माझ्या घरमालकीण. राहायच्या एकट्या, पण जनगणनेचा कागद घेऊन मी, नवा मास्तर, त्यांच्या ओट्यावर बसलो तेव्हा घरात सात माणसं असल्याचं त्यांनी बेधडक सांगितलं. वरची सहा म्हणजे गल्लीतली पोरं. बाप पिऊन आला की ज्यांच्या घरात भांडी उडत, ती दिवेलागणीलाच अक्कांकडे येत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खात, अभ्यास करत. फुकट खाल्ल्याची लाज वाटू नये म्हणून अक्का त्यांना शेंगा फोडायला बसवत. त्यांतल्या किती दाणे होऊन पोटात जात, हेही अक्कांना कधी मोजता आलं नाही.

या सहांतली एक चुणचुणीत मुलगी माझ्या वर्गात होती. तिला मी शाळेत दारूबंदीवर भाषणाला उभं केलं. भाषण मीच लिहिलेलं, त्यामुळे भयंकर. 'दारुडा बाप' हे शब्द येताच सगळी शाळा तिच्याकडे बघून हसली, आणि मी आपला, लोकांना भाषण आवडलं समजून मान डोलावतोय. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत येईना.

"मास्तर, तिना बाप आजारी शे," अक्का म्हणाल्या. "दारू बी आजारच शे. बापना टायफॉइडवर कोनी पोरले भाषण कराले लावस का?"

तो बाप अक्कांचा चुलतपुतण्या. त्याच आठवड्यात त्याला एसटीत घालून त्यांनी दारू सोडवायला धुळ्याच्या दवाखान्यात भरती केलं. पाठोपाठ श्रावणातला कानबाईचा सण आला. खानदेशात त्या वेळी घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेतात आणि त्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, फक्त भाऊबंदांत खातात. मुलीच्या काकांनी ठरवलं, यंदा या दारुड्या भावाची मूठ धरायची नाही. मुलगी खांबाला टेकून ऐकत होती. अक्कांनी सूप तिच्यापुढे सरकवलं.

"टाक बेटा, बापनी मूठ. तुन्ही मूठ ल्हानी शे, दोन टाक."

थोरल्या चुलतीचा शब्द म्हणून काकांनी ते गहूही दळणात घेतले.

रोट घेऊन आम्ही तिघं धुळ्याला गेलो. पिशवी धरण्यापुरता मी. बाप थरथरत्या हातांनी तुकडा मोडता मोडता थांबला.

"मन्ही मूठ कोनी टाकी?"

"मी. दोन टाक्यात," मुलगी म्हणाली.

सोमवारी ती पहिल्या बाकावर होती. माफी मागायला मी घसा खाकरला, तर घाईघाईने म्हणाली, "सर, भाषण नको."

पुढे तिचा बाप दोनदा पुन्हा दारूकडे घसरला. दोन्ही वेळा अक्काच त्याला धुळ्याला घेऊन गेल्या. तिसऱ्यांदा मात्र टिकला. माझी बदली झाल्यावर काही वर्षांनी अक्का गेल्याचं कळलं आणि मी शिरपूर गाठलं. ओट्यावर पोरांची इतकी गर्दी होती, की मला मोजता येईना. अक्कांना पुढचा खांदा त्या मुलीच्या बापाने दिला. हात अगदी स्थिर होते.