आत्यांचा पहिला नंबर

माझ्या सासूबाई जुगारी होत्या.

एक रुपया कधी लावला नाही. टॅबवर कॉम्प्युटरशी पोकर खेळायच्या. पण आमच्या गुंद गावात पोकर म्हटलं की जुगारच, म्हणून मीही तसंच म्हणते.

आज आत्यांना जाऊन वर्ष झालं. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात.

हार्टचा त्रास सुरू झाला आणि डॉक्टरांनी त्यांना शेतात उतरायला बंदी केली. जन्मभर भात लावलेली बाई पडवीत बसून करणार काय?

मुलाचा ऑनलाइन शाळेचा जुना टॅब पडून होता. त्यात पोकरचा गेम होता, नेट नसताना चालणारा. आमच्या गावात तोच चालणार.

पत्ते त्यांना नवे नव्हते. मेंढीकोटात त्यांच्यासमोर बसायला अख्खी वाडी घाबरायची. पण डावातल्या दोघी वारल्या, एक लेकीकडं बेळगावला गेली. डाव मोडला तो मोडलाच.

तर पोकर. टेबलावर सहा जण. एक आत्या, बाकी पाच कॉम्प्युटरचे, प्रत्येकाचं एक चित्र. सगळ्यांना सारख्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या. पाचही जणांच्या चिप्स संपवल्या की पहिला नंबर.

आत्यांचा कायम दुसरा.

मी गणेशगुडीच्या एका लॉजवर रिसेप्शनला आहे. तिथल्या वायफायवर पोकरचे व्हिडिओ बघायचे आणि संध्याकाळी घरी येऊन आत्यांचा क्लास घ्यायचे.

"आत्या, वाईट पत्ते आले की टाकून द्यायचे. दहातले सात डाव खेळायचेच नाहीत."

"मग बसायचं कशाला?"

"बघायला. कोण कसं खेळतंय ते."

हे त्यांना लगेच पटलं. बघण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. आठवड्याभरात त्यांनी मला एकेकाच्या खोडी सांगितल्या.

चष्मेवाली मोठा आकडा दिसला की पत्ते टाकून पळते. दाढीवाला हातात काही नसताना वाढवत बसतो. आणि टोपीवाला कुणालाच भीत नाही. कितीही लावा, शेवटपर्यंत बघतोच.

"मग टोपीवाल्याला थाप मारायची नाही," मी म्हटलं. "चांगले पत्ते यायची वाट बघायची आणि तेव्हा भरपूर लावायचं."

"व्हय गो. माकडं वरडल्यावर पळत्यात. गवा पळतो काय? गव्याम्होरं वरडायचंच न्हाई."

माझ्या चार व्हिडिओंचा अर्क त्यांनी असा सांगून टाकला.

शेवटचा धडा असा होता की कॉम्प्युटर चिडत नाही. मोठा डाव हरला तरी पुढचा थंड डोक्यानं खेळतो. म्हणून आपणही चिडायचं नाही.

हे शिकवणारी मी, आणि चिडायचेही मीच.

कारण आत्या चौघांना बाहेर काढायच्या. मूठभर चिप्स घेऊन एकटा टोपीवाला उरायचा. आत्यांच्या हातात एक्क्यांची जोडी. आणि आत्या पत्ते टाकून द्यायच्या.

"अहो आत्या, एक्के होते ते."

"असू दे. त्याच्याकडं चारच टिकल्या उरल्यात."

चिप्सना त्या टिकल्या म्हणायच्या.

"उरू देत की. संपवायचंय त्याला."

"दारात आल्याला रिकाम्या हातानं लावून द्यायचं व्हय?"

फॉरेस्ट गार्ड येवो नाहीतर वाट चुकलेले टुरिस्ट, आमच्या पायऱ्या उतरताना प्रत्येकाच्या हातात निदान दोन केळी असायचीच. पण कॉम्प्युटरला कुठली केळी देणार?

टोपीवाला मात्र टिकल्या गोळा करत करत वर यायचा आणि आत्यांनाच हरवायचा.

आधीच्या चौघांना घालवताना त्यांना ही रीत कशी आठवत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

दोन वर्षं हेच चाललं. मग बेळगावच्या ऑपरेशनची तारीख मिळाली.

"जायच्या आदी एकडाव पयला नंबर यायला पायजे गो," त्या म्हणाल्या. "मागनं काय, कुणाला ठावं."

मी विषय बदलला.

निघायच्या आदल्या दिवशी रविवार होता. जेवणं झाल्यावर मी मुद्दाम त्यांच्याजवळ बसले. आत्या काय सुंदर खेळल्या. चष्मेवालीला पळवलं, दाढीवाल्याला वाढवू वाढवू दिलं आणि घेतला आत. शेवटी नेहमीसारखा टोपीवाला, पाच टिकल्या घेऊन. आत्यांच्या हातात राण्यांची जोडी.

बोट तिथंच थांबलं.

टोपीवाल्याकडं बघत त्या म्हणाल्या,

"ह्यो बी गेला तर उद्या मी कुणासंगं बसू?"

आत्या हरायच्या तेव्हा टेबलावर निदान टोपीवाला तरी असायचा, आणि नव्या डावाला बाकीचे चौघं त्याच्याजवळ परत येऊन बसायचे. सगळे उठून गेल्यावर काय होतं, हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. त्या कधी जिंकल्याच नव्हत्या ना.

"परत येतात आत्या. जिंकल्यावरपण नवा डाव लागतो. पाचही जण येतात."

"आदी का न्हाई सांगिटलंस?"

मला रडू आलं. मी दिवसभर लॉजवर, नवरा राफ्टिंगच्या कामावर, मुलगा शाळेत. या बाईला दिवसभराची सोबत ती पाच चित्रं. आणि मी दोन वर्षं तिला एक्के-राण्या शिकवत होते.

आत्यांनी बटण दाबलं. टोपीवाला गेला. स्क्रीनवर फटाके उडाले, पहिला नंबर आला. त्यांचं तिकडं लक्षच नव्हतं. त्यांनी घाईनं नवा डाव लावला. पाचही जण आपापल्या जागेवर येऊन बसले.

आत्या हसल्या. केवढ्या खुशीत हसल्या.

सोमवारी बेळगावला जाताना रामनगरात रेंज आली. त्यांनी गाडीतूनच बहिणीला फोन लावला.

"अक्का, समद्यांस्नी हरवलं बघ. आणि समदी परत आली."

आत्या तेवढ्या आल्या नाहीत. डॉक्टरांनी खूप केलं, पण हृदयच थकलेलं होतं.

आत्या, मी तुमच्याजवळ आणखी बसायला हवं होतं. पण तुम्ही जिंकून, मन निवांत करून गेलात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्यावर माझं वर्ष निघालं.

तुमच्या सुनेचा मनापासून नमस्कार.