चढाची चकती

हट्टा गावाच्या स्टँडसमोर सटवाजीचं सायकलचं दुकान. दुकान म्हणायचं आपलं. चार पत्रे, एक हवेचा पंप आणि पंक्चर शोधायला पाण्याचं घमेलं. आता गावात सायकल चालवणारं राहिलंय कोण? ज्याच्या त्याच्या बुडाखाली मोटरसायकल. लोकांनी किती वेळा सांगितलं, बाबा रे, गॅरेज टाक. पण न्हाई. "सायकल शिकलो, सायकलच करणार," म्हणायचा. हट्टीच माणूस. शेवटी हट्ट्याचाच की!

त्याची पोरगी पल्लवी त्याच्याही वरताण निघाली. बाकीच्या पोरी बारावीच्या क्लासला जायच्या, ही म्हणाली मी सायकलची शर्यत मारणार. तीही साधी न्हाई, माळामुरमाची, दगडधोंड्यातली. त्याला रुंद टायरची, मागं सात चकत्यांची गिअरची सायकल लागते. सटवाजीनं नांदेडच्या भंगारातून एकेक भाग हुडकून आणला आणि तिला ती सायकल उभी करून दिली. मग काय, चहाच्या टपरीवर बसलं की याचं एकच पालुपद, "आपली पोरगी वाघीण हाय." त्याची बायको करुणा वैतागून म्हणायची, "ओ, लेकराला दृष्ट लावाल तुमी एखाद दिवशी."

जानेवारीत राज्याच्या शिबिरासाठी निवडीची शर्यत ठरली. अठराच्या आतल्या पोरींमधून पहिल्या दोघी घेणार होते. शिबिरात गेलं की राहणं, शिकणं, खेळणं सगळं तिथंच. पल्लवीला मार्चमध्ये अठरा पुरी होणार होती, म्हणजे यंदा न्हाई तर कधीच न्हाई. हे घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण जेवताना सगळ्यांच्या मनात तेच.

शर्यत औंढ्याच्या बाजूला होती. कॅनलच्या पुलापासून निघायचं, कॅनलच्या कडेच्या सपाट रस्त्यानं जायचं, मग माळावर चढउतार. त्यातला एक चढ असा उभा की रिकामी बैलगाडीसुद्धा तिथं थबकावी. तो उतरून परत कॅनलच्या रस्त्यानं सरळ पुलापर्यंत. शाळेच्या विजयकुमार सरांनी जीप करून बापलेकीला सकाळीच तिथं आणलं. दोन्ही बाजूंना हळदीची रानं, कुठं हळद शिजत होती, तिचा वास साऱ्या शिवारात भरला होता. पल्लवी खुशीत होती. "बाबा, जरा पाय मोकळे करून येते," म्हणून माळाकडं गेली.

आली ती चालत. सायकल खांद्यावर.

तुरीच्या रानातून येताना एक तुराटी मागच्या चाकात गेली होती. चेनीला एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा जो लोखंडी हात असतो, तो पार पिळवटून तुटला होता. गिअर गेले. सटवाजीनं चाक फिरवून बघितलं. "आता गं?" एवढंच तोंडातून निघालं.

जन्मात कुणापुढं हात न पसरलेला माणूस तो, पण त्या दिवशी पसरला. नांदेडच्या पोरींसोबत आलेल्या माणसाकडं गेला, परभणीवाल्यांकडं गेला, हात जोडून म्हणाला, "दादा, जुनं असलं तरी द्या. लेकराची शर्यत हाय." लोक वाईट नव्हते. एकानं आपली सगळी पेटी उपडी करून दाखवली. पण त्यातलं काहीच या सायकलीला बसेना. दुसऱ्या कुणाची सायकल मागावी तर जादा सायकल आणलीच नव्हती कुणी. शर्यतवाले म्हणाले, "काका, वाईट वाटतं, पण सगळ्यांना थांबवता येत नाही." सटवाजीला वाटलं, ओरडावं, रडावं, कुणाच्या तरी पायावर डोकं आपटावं. आग लागो त्या तुराटीला!

एकच उपाय उरला. तुटका हात काढून टाकायचा, चेन तोडून आखूड करायची आणि एकाच चकतीवर कायमची बसवायची. सगळी शर्यत मग त्याच एका चकतीवर. लहान चकतीवर घेतली तर सपाटीला सायकल वाऱ्यासारखी पळते, पण चढाला जीव जातो. मोठीवर घेतली तर चढ सोपा, पण सपाटीला नुसते पाय फिरतात, सायकल पुढं सरकत न्हाई. मधल्या चकत्यांवर चेन नीट ताणून बसेना. ही न्हाईतर ती.

पल्लवी डोळे पुसून म्हणाली, "बाबा, लहानीवर घ्या. चढाचं मी बघते."

"व्हय," सटवाजी म्हणाला. ती नंबर लावून घ्यायला गेली.

आणि इथं या माणसाची माती झाली. चेन हातात, पिन अर्धी बाहेर, आणि डोळ्यांपुढं दिवाळीतला तोच चढ उभा राहिला. पल्लवी सरांबरोबर सरावाला याच माळावर यायची, तो बघायला तेव्हा एकदाच आला होता. पोरगी अर्ध्यावर सायकलवरून उतरली होती, दगडावर बसून उलट्या केल्या होत्या, आणि "न्हाई होत माझ्यानं" म्हणून रडली होती. बापाच्या काळजात ते रुतून बसलं होतं. आज चार गावचे लोक बघणार. आज ती तिथं बसली तर? पोरीची दया आली त्याला. त्यानं चेन मोठ्या चकतीवर घेतली, पिन ठोकली, आणि कुणाला काही न सांगता सायकल नेऊन रेषेवर उभी केली.

पल्लवीला कळलं ते शिट्टी वाजल्यावर, पहिलं पायडल मारलं तेव्हा. तिनं एकदा मान वळवून बापाकडं बघितलं. सटवाजीनं नजर पाण्याकडं वळवली.

कॅनलवर ती सगळ्यांत मागं पडली. सटवाजी पुलावर कठडा धरून उभा. मनात म्हणत होता, माळ येऊ दे, माळ येऊ दे. आणि आला की! बऱ्याच वेळानं माळाच्या टोकावर लाल बनियनचा ठिपका दिसला. पल्लवी! सगळ्यांच्या पुढं! विजयकुमार सरांनी टोपी उडवली. सटवाजी पुलावर लेकरासारखा नाचला. "बघा! म्हणलं न्हवतं का? वाघीण हाय!"

मग ती उतरून कॅनलच्या रस्त्याला लागली. पुलावरून तो सगळा रस्ता दिसत होता, नाकासमोर सरळ. पोरीचे पाय गरगर गरगर फिरत होते. इतके जोरात की बघणाऱ्याचा श्वास कोंडावा. आणि सायकल आपली रांगून राहिली. मागून नांदेडची पोरगी आली, निवांत पायडल मारत, पुढं निघून गेली. सटवाजी पुलावरून खाली उतरून रस्त्यानं धावत सुटला. "मार बाई मार! मार गं माये!" काय मारणार? सगळं मारूनच राहिली होती ती. पूल हाकेवर आला आणि परभणीची पोरगी बाजूनं सरकली.

पल्लवी तिसरी आली. दोघींनाच घेणार होते.

ती रडली न्हाई. सायकल उलटी करून जमिनीवर ठेवली आणि चेनीकडं बघत म्हणाली, "बाबा, मी लहानी सांगितली होती."

"चढाला बसली असतीस गं. दिवाळीत बसली होतीस तू."

"दिवाळीनंतर रोज चढले मी. रोज. लहानीवर. सरांना विचारा. तुमी आले का एकदा तरी बघायला?"

दुकान सोडून यायला झालं न्हाई, हे सटवाजीनं काय सांगायचं?

"साऱ्या गावाला सांगत फिरले तुमी, माझी पोरगी वाघीण हाय म्हणून," पल्लवी म्हणाली. "तुमालाच पटलं न्हवतं काहून?"

मग तिनं त्याच्या पिशवीतून पिन काढायचं हत्यार घेतलं. चेन सोडवली, आणखी दोन कड्या काढल्या, लहान चकतीवर बसवली. बापानं हात पुढं केला तर म्हणाली, "राहू द्या." आणि सायकलवर बसून माळाच्या दिशेनं निघाली.

सटवाजी मागं धावला. चढाच्या पायथ्याशी पोचला तेव्हा ती वर चढत होती. सीटवरून उठलेली, हँडलला लोंबकळलेली, एकेक पायडल सगळं अंग टाकून दाबत होती. दिवाळीत जिथं बसली होती तो दगड मागं पडला. सटवाजीनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. पुरे गं पोरी, पुरे, असं म्हणायचं होतं त्याला, पण म्हणायला तोंड कुठं होतं? तो तिथंच मुरमात मटकन खाली बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला.

मागून विजयकुमार सर आले. खाली मंडपवाले खांब काढून राहिले होते.

"सटवाजी, उठा. जीपवाला बोंबलतोय."

"थांबा सर. पोरगी चढून राहिली."

सरांनी वर बघितलं. मग खाली बसलेल्या त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "अहो, शर्यत तर संपली की."